फाईलवरचं नाव

ट्रेंगालेक, २ मार्च

म्बाक निंग,

सलाम, वहिनी. एवढं लांबलचक कशाला लिहितेस, फोन कर, असं म्हणशील. पण फोनवर बोलायला गेलं की आई शेजारी येऊन बसते, तू पलीकडून रडायला लागतेस, तुझं ऐकून मी रडते आणि मुद्द्याचं बोलणं राहूनच जातं. म्हणून दुकानात बसून लिहिते आहे.

घाबरायचं काही नाही, हे आधीच सांगते. तुझा पोरगा मागच्या आठवड्यात विहिरीपाशी घसरला आणि डोक्याला टेंगूळ आलं. आपल्या आईचा त्याच्यात किती जीव ते तुला माहीतच आहे. ती मला न सांगता त्याला घेऊन तडक तुलुंगागुंगच्या खासगी इस्पितळात गेली. तिथे यंत्रात घालून डोक्याचे फोटो काढले आणि एक सीडी हातात दिली. डॉक्टर म्हणाले, जाणकार माणसाला दाखवा.

आता गंमत बघ. आख्ख्या गावाचे अर्ज, लग्नपत्रिका आणि पोरांचे निकाल मी छापते. पण ही एक फाईल माझ्या कॉम्प्युटरवर उघडत नाही. बाकी फाईलींच्या नावापुढे टिंब असतं, टिंबापुढे तीन अक्षरं असतात, त्यावरून कळतं की हा फोटो, हे पत्र. हिच्यापुढे काहीच नाही. नुसतं नाव, तेही कुणाला उच्चारता न येणारं. सोबत जोडली आहे. तुझ्या मॅडमची बहीण डॉक्टर आहे ना? तिला दाखव. सहजच.

पोरगा मजेत आहे. काल दोन केळ्याची भजी खाल्ली.

तुझी नणंद,
पुजी

सिंगापूर, ८ मार्च

पुजी,

तू ‘घाबरायचं काही नाही’ असं लिहिलंस, तिथपासूनच मी घाबरले. इतक्या वर्षांत तू मला असं वाक्य कधी लिहिलं नव्हतंस. नदीला पूर आला तेव्हासुद्धा ‘म्बाक, मेलो आम्ही’ असं लिहिलं होतंस आणि पाणी पायरीपर्यंतही आलं नव्हतं.

तुझी फाईल उघडत नाही. मॅडमच्या कॉम्प्युटरला हात लावायची माझी हिंमत नाही. आत काही विषाणू असला तर मॅडम मला पुढच्याच विमानात बसवतील. सुट्टीच्या दिवशी मी सार्वजनिक वाचनालयात गेले. नावापुढे टिंब देऊन फोटोची तीन अक्षरं लिहिली. फाईल खराब आहे, असं आलं. मग कागदपत्रांची अक्षरं लिहिली, तरी तेच. तिसऱ्या खेपेला मी ती साध्या लिहायच्या पानात उघडली. पानभर चौकोन, प्रश्नचिन्हं आणि उलटीसुलटी अक्षरं सांडली, आणि त्या कचऱ्यात मध्येच एक धड शब्द दिसला: मेंदू. इंग्रजीत, मोठ्या अक्षरांत. मी पान बंद करून टाकलं. पुढे वाचायचा धीरच झाला नाही.

टेंगूळ आलं म्हणून कोणी मेंदूचे फोटो काढतं का गं? डॉक्टर नेमकं काय म्हणाले? आणि मी फोन करते तेव्हा बागस नेहमी झोपलेला कसा असतो? मागच्या वेळी जागा होता. मी ‘बागस, माझ्या राजा’ म्हणून हाक मारली, तर तेवढ्यात तुमचं नेट गेलं. त्याच्या आधीच्या वेळीही नेमकं तेव्हाच गेलं होतं.

खरं ते लिही. मी इथे दुसऱ्याच्या आईचे पाय चेपते, आणि मनात सारखं तेच चालतं.

निंग

ट्रेंगालेक, ११ मार्च

म्बाक,

आधी मला चार शिव्या दे. मी पाठवली ती फाईल म्हणजे नुसती अनुक्रमणिका होती! खरे फोटो सीडीवर आतल्या फोल्डरमध्ये आहेत, आणि ते इतके आहेत की मोजायचा कंटाळा आला. मी इस्पितळाच्या यंत्रावरच्या माणसाला फोन केला. तो हसला. म्हणाला, “ताई, हे वाढदिवसाचे फोटो नाहीत. एकेक फोटो म्हणजे डोक्याची एकेक पातळ चकती. सगळ्या एकत्र ठेवल्या तरच डोकं होतं. आणि नावाची शेपटी बदलून काही होत नाही, आतला माल तोच राहतो.” सीडीवर बघायचा प्रोग्रॅमही दिला होता म्हणे, पण माझ्या म्हाताऱ्या कॉम्प्युटरला तो पेलत नाही.

आता सगळं फोल्डर एकत्र बांधून पाठवते आहे. यातलं काही वेगळं करू नकोस, काही पुसू नकोस. असल्या फाईली उघडायचे फुकट प्रोग्रॅम मिळतात, असं तो म्हणाला. वाचनालयात कुणालातरी विचार.

तू विचारलंस त्याचं उत्तर: आमच्याकडचं नेट तसंच आहे. पोरगा खेळून दमतो म्हणून झोपतो. डॉक्टर जास्त काही बोलले नाहीत. बोलले असतील ते आईशी, आणि आईकडून काही काढणं म्हणजे तुला ठाऊकच आहे.

पण म्बाक, त्या डॉक्टरबाईंना दाखव. जमलं तर याच आठवड्यात.

पुजी

सिंगापूर, १६ मार्च

पुजी, पुजी, पुजी!

आधी सगळं नीट सांगते, नाहीतर तुला काहीच कळायचं नाही. 

वाचनालयातल्या बाईंनी फोल्डर बघताच ओळखलं. हे इस्पितळातलं आहे, म्हणाल्या, आणि एक प्रोग्रॅम उतरवून दिला. फाईल-फाईल उघडायची नाही, आख्खं फोल्डर त्यात सोडायचं. मी सोडलं. आधी काळा पडदा आला, मग राखाडी. मग कवटी दिसली, छोटीशी. मी माऊसचं चाक फिरवत गेले तशी एकेक चकती पुढे सरकत होती. नाक गेलं, डोळे गेले, आणि मागच्या बाजूला, मानेच्या वर, एक पांढरा गोळा आला. चाक फिरवलं की मोठा होई, आणखी फिरवलं की लहान. लिंबाएवढा असेल. तिथे काही असायला नको, एवढं माझ्यासारखीलाही कळलं. माझ्या तोंडून आवाज निघाला असावा, कारण शेजारचा म्हातारा उठून दुसरीकडे बसला.

मी फोनवर त्याचा फोटो काढला आणि पळत घरी आले. मॅडमची बहीण जेवायला आली होती. तिला फोटो दाखवला. ती म्हणाली, “याचा उपयोग नाही. मूळ फाईली दे.” तिने आपल्या लॅपटॉपवर उघडल्या आणि बराच वेळ चाक मागेपुढे फिरवत राहिली. जेवण निवलं. मग माझ्याकडे वळून बसली आणि म्हणाली, “गाठ आहे. डोक्यातलं पाणी अडलंय, दाब वाढतोय. ही लगेच काढायला हवी. वेळेत काढली तर पुष्कळ मुलं बरी होतात. उशीर केला तर आधी नजर जाते.” आणि मग विचारलं, “स्लामेत तुझाच मुलगा का?”

मी म्हटलं, “कोण स्लामेत?”

तिने बोट ठेवून दाखवलं. पडद्याच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत लिहिलं होतं. स्लामेत, मुलगा, वय सहा. पुजी, ती दुसऱ्याच पोराची सीडी आहे! मी त्या डॉक्टरबाईंसमोर मोठ्याने हसले. मॅडमना वाटलं, मला वेड लागलं. माझ्या मुलाचं नाव बागस्कारा विराबूमी आहे हो, असं मी सगळ्यांना सांगत सुटले. तुझ्या भावाने, विबावाने, ते नाव ठेवलं तेव्हा दाई म्हणाली होती, पोर एवढंसं आणि नाव केवढं! आणि तो म्हणाला होता, वाढेल की नावाएवढा.

उद्याच्या उद्या इस्पितळात जा आणि त्यांना फैलावर घे. आपली सीडी मागून आण. आणि हे बघ, त्या स्लामेतच्या घरच्यांना शोधायला लाव. आपल्या पोराची सीडी घेऊन त्याची आई निर्धास्त बसली असेल. डॉक्टरबाई म्हणाल्या, वेळ फार नाही. मला तिच्याकडे बघवणार नाही असं वाटतं. तरी तिला सांगायलाच हवं.

निंग

ट्रेंगालेक, २० मार्च

म्बाक निंग,

तुझं पत्र येऊन पडलं आहे आणि मी रोज उत्तर लिहून पुसते आहे. आज पुसणार नाही.

स्लामेत आपलाच आहे.

शिव्या नंतर दे, आधी पूर्ण वाच. दिवाळं निघाल्यासारखी मी दुकान बंद करून बसले आहे. डिसेंबरपासून पोरगा सकाळी उठला की ओकायचा. मग तिरपा चालायला लागला. मग एक डोळा आत वळला. विहिरीपाशी घसरला हे खरं, पण पाय घसरून नाही, तोल जाऊन. आईने सुरुवातीलाच ओळखलं की नाव जड झालं आहे. सहा वर्षांच्या जिवाला सूर्याचं आणि पृथ्वीचं नाव, कसं पेलणार, म्हणाली. जानेवारीत गुळाची लाल आणि नारळाच्या दुधाची पांढरी लापशी शिजली, शेजारपाजार आला, सगळ्यांसमोर जुनं नाव उतरवलं आणि स्लामेत ठेवलं. सुखरूप राहा एवढाच त्याचा अर्थ. तेव्हापासून जुनं नाव घरात कुणी घ्यायचं नाही, नाहीतर ओझं परत चढतं. तू फोनवर हाक मारलीस की नेट जात नव्हतं गं. आई बटण दाबत होती.

इस्पितळात नाव सांगताना आईने स्लामेतच सांगितलं. तिथल्या डॉक्टरांनी गाठ आहे हेही सांगितलं होतं, मालांगला न्या म्हणाले होते. आईचा विश्वास बसेना. नाव बदललं आहे, आता उतार पडेल, थोडं थांबू, हेच चाललं होतं तिचं. मला वाटलं, तुझ्या डॉक्टरबाई म्हणतील, काही नाही, आणि तुला काही कळायच्या आत सगळं निभावेल. तू नाव बघशील हे माझ्या डोक्यातच आलं नाही. मला ती फाईल कधी उघडताच आली नव्हती.

विबावाने ठेवलेलं नाव तुला न विचारता उतरवलं, हे तुला कोणत्या तोंडाने सांगणार होते मी?

पुजी

सिंगापूर, २० मार्च

पुजी,

त्या स्लामेतच्या आईची मला दया येत होती. मी तिच्यासाठी नमाज पढले.

तुझी सगळी पत्रं परत वाचली. एकातही त्याचं नाव नाही. पोरगा, पोरगा, पोरगा. मला कळायला हवं होतं.

नंतर भांडू, जन्मभर भांडू. तुझ्या यंत्रवाल्याने सांगितलं ना, नावाची शेपटी बदलून आतला माल बदलत नाही? मग घरातल्या कुणाला ते का नाही कळलं? बागसला उद्या मालांगच्या मोठ्या इस्पितळात ने. विम्याचं कार्ड आईच्या कपाटात नेसायच्या सारोंगांखाली आहे. डॉक्टरबाईंनी तिथल्या सर्जनसाठी चिठ्ठी लिहिली आहे, ती सोबत आहे. सीडी घेऊन जा. मूळ सीडी.

मॅडमनी रजा दिली आहे. एजंटाकडे अडकलेला पासपोर्ट सुटला की मी निघाले.

निंग

ट्रेंगालेक, २७ मार्च

म्बाक,

आम्ही जाऊन परत आलो. म्हणजे परत पाठवलं.

खिडकीतल्या माणसाने कार्ड बघितलं: बागस्कारा विराबूमी. सीडी घातली: स्लामेत. म्हणाला, “हे दोन रुग्ण आहेत. एकाचं डोकं दुसऱ्याच्या कार्डावर उघडायचं का आम्ही?” चुकीचं काय बोलला तो? मी म्हटलं, पोरगा एकच आहे, हा काय माझ्या कडेवर. तो म्हणाला, मग गावप्रमुखाचं पत्र आणा, आणि ज्यांनी पहिल्या इस्पितळात नाव सांगितलं त्यांनी स्वतः गावप्रमुखासमोर उभं राहून दोन्ही नावं सांगायची. नाहीतर पहिल्यापासून रांगेत या, नवे फोटो काढा. रांग महिन्याची आहे.

म्हणजे आईने जुनं नाव मोठ्याने घ्यायचं. चारचौघांत.

ती दारात बसून आहे. उठत नाही, जेवत नाही. मी खूप बोलले, नको ते बोलले. शेवटी म्हणाली, निंगला मी सांगते ते लिही. शब्दन् शब्द लिहिते:

“सूनबाई, मी अडाणी असेन, वेडी नाही. विबावा लहानपणी सारखा आजारी पडायचा. सगळे म्हणाले, नाव उतरव. माझा नवरा म्हणाला, कशाला, किती छान नाव आहे. मी गप्प बसले. पोरगा तिशीही न ओलांडता गेला. एकदा मी नाव बदललं नाही आणि मुलगा घालवला. आता तू म्हणतेस की बदललेलं परत जोडून घे. माझ्या तोंडून ते नाव निघालं आणि याला काही झालं, तर मी कोणाकडे बघू?”

 म्बाक, फाईलीतलं नाव बदलायचा एक प्रोग्रॅम मी शोधून ठेवला आहे. स्लामेत पुसून तिथे जुनं नाव लिहिता येतं. कुणाला कळणार नाही. करू का? कारण आज सकाळी त्याने चमचा ताटाच्या बाहेर नेला आणि हसून म्हणाला, ताट पळतंय. त्याला ताट नीट दिसत नाही गं.

पुजी

सिंगापूर, २८ मार्च

पुजी,

त्या फाईलीला हात लावलास तर बघ. डॉक्टरबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, आत फेरफार झालेली फाईल कुठलाही सर्जन हातात धरणार नाही, आणि धरू नये. या घराने नावं बदलायची खोड आता पुरे करावी.

खालचं आईला वाचून दाखव. मोठ्याने, सावकाश.

आई, तुमचं ऐकून मला आधी राग आला आणि मग भीती वाटली. ती भीती तुमचीच आहे हे कळलं. विबावा गेला तेव्हा तुम्ही एकट्या बसून हाच हिशेब करत होता, हे मला कधी सांगितलं नाहीत. त्याचं नाव जड होतं की नव्हतं, मला माहीत नाही. तुम्ही नाव उतरवलंत म्हणून पोरगा अजून आहे असं तुम्हाला वाटत असेल, तर मी नाही म्हणत नाही. मी तिथे नव्हते. त्याचं ओकलेलं तुम्ही पुसलंत.

पण गाठ मी डोळ्यांनी बघितली आहे, आई. तिला नाव नाही. आपण पोराला काहीही म्हटलं तरी ती तिथेच बसून वाढते आहे.

गावप्रमुखासमोर तुम्ही ते नाव घ्या. ओझं चढायचंच असेल तर माझ्यावर चढू दे, असं मी इथून म्हणते. नाव लाडाने मीच जपलं होतं. घरी तो स्लामेत राहील. मी घरी आले तरी त्याला स्लामेतच म्हणेन. मला जड जाईल, पण म्हणेन. तुमच्या पाया पडते.

निंग

मालांग, ९ एप्रिल

म्बाक निंग,

तुझा फोन लागत नाही, म्हणजे तू विमानात तरी आहेस नाहीतर त्या एजंटाशी भांडते आहेस. कुठेही उतरलीस की हे आधी वाच. पोरगा नीट आहे. या खेपेला मी खरंच खरं लिहिते आहे.

तुझं पत्र वाचून दाखवल्यावर आई उठली. डोक्यावरून ओढणी घेतली, पोराला माझ्याकडे दिलं, त्याचे कान झाकून घरातच थांब म्हणाली, आणि एकटी गावप्रमुखाच्या कचेरीत गेली. तिथला शिपाई मला नंतर सांगत होता. तिने ते नाव पूर्ण घेतलं, दोन्ही शब्द, आणि मग खुर्चीचा हात घट्ट धरून बसून राहिली. गावप्रमुखाने पाणी दिलं तेही प्यायली नाही. पत्र घेऊन आली ती सरळ पोराच्या छातीवर हात ठेवून बसली, तो श्वास घेतो की नाही बघत.

मालांगच्या सर्जनने सीडी लावली, तुझ्या डॉक्टरबाईंची चिठ्ठी वाचली आणि त्याच दिवशी दाखल करून घेतलं. काल ऑपरेशन झालं. बाहेर बसून आई माळ ओढत होती आणि मी दाराखालच्या फटीतून हलणारे पाय बघत होते. मला वाटलं होतं, मला धीर आहे. अजिबात नाही.

गाठ निघाली. सगळी, असं ते म्हणतात. पण पोरगा जागा होईना. नर्सने कार्डावरचं नाव घेऊन हाका मारल्या, आईने स्लामेत म्हणून मारल्या, मी कुठलंच नाव न घेता नुसतं ‘ले, ए पोरा’ करत राहिले. काही नाही. नर्सने कागदावर काहीतरी लिहिलं आणि डॉक्टरांना बोलावलं. आईने माझ्याकडे बघितलं. ती काय म्हणत होती ते मला कळलं: मी ते नाव घेतलं होतं.

मग डॉक्टर आले. त्यांनी त्याच्या गालावर टिचकी मारली, डोळ्यात उजेड टाकला. डोळा मिचकावला त्याने. डॉक्टर खाली वाकले, “बाळ, ऐकू येतंय का? तुझं नाव काय?”

आई भिंतीला टेकली. नर्सने कार्ड हातात धरलं होतं. पोरगा ओठ चाटत राहिला. मग कुरकुरत म्हणाला,

“कुठलं सांगू? आजीचं की आईचं?”

डॉक्टरांना काही कळलं नाही. ते हसले आणि पूर्ण शुद्धीवर आहे असं लिहायला सांगितलं. आई तिथेच फरशीवर बसली आणि आवाज काढून रडली. डावा डोळा अजून वळलेला आहे, नजर किती परत येते ते महिनाभराने कळेल. पाणी मागतो आहे. मी त्याला म्हटलं, तुझी आई विमानात आहे. तर म्हणाला, मग आईचं सांगतो.

ये लवकर.

पुजी